पंखाखालचं दार

अक्काला वरून एकदा नदी दाखवायची, एवढंच काम होतं. ज्या माणसानं चौतीस वर्षं सरकारी कचेरीत बसून लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या, त्याला हे काम हातचा मळ वाटलं तर नवल नाही. या माणसाला कचेरीत पूर्ततासाहेब म्हणत आणि नंतर कॉलनीतही तेच नाव चिकटलं. समोर आलेला एकही कागद त्यांनी पहिल्या फेरीत स्वीकारल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. कोपऱ्यात लाल शाईनं ‘त्रुटींची पूर्तता करून पुन्हा सादर करावे’ असं लिहून ते तो परत करायचे. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या मानपत्रातही त्यांनी दोन त्रुटी काढल्या आणि दुरुस्तीसाठी परत पाठवलं. ते मानपत्र अजून आलेलं नाही.

अक्का ही त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा पूर्ततासाहेब सात वर्षांचे होते, आणि त्यानंतर त्यांची शाळा, त्यांचा ताप, त्यांची नोकरी आणि त्यांचं लग्न हे सगळं अक्कानं पाहिलं. स्वतःचं काही पाहायचं राहूनच गेलं. बत्तीस वर्षं तिनं शाळेत भूगोल शिकवला. दर वर्षी पहिल्या तासाला ती फळ्यावर निळ्या खडूनं गावची नदी काढायची, वरून दिसावी तशी. धरणातून निघालेली, पुलाखालून सरळ आलेली आणि जुन्या गिरणीपाशी काही विसरल्यासारखी एकदम मागं वळलेली. पुस्तकात न बघता काढायची. पण स्वतः अक्का कधी शाळेच्या गच्चीपेक्षा उंच गेली नव्हती.

आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. उजवा गुडघा ऑपरेशननंतर वाकायचा थांबला होता, आणि त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. “गेलेली नजर परत येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “उरलेली कधीपर्यंत टिकेल ते मी सांगू शकत नाही. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या.” दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अक्का म्हणाली, “बाळ, एकदा वरून नदी बघायचीय. मी काढायचे तशीच वळते का, तेवढंच.”

अक्कानं आयुष्यात धाकट्या भावाकडं काही मागितलं नव्हतं. पूर्ततासाहेब तोंड फिरवून पायरीवरच्या सूचनाफलकातली शुद्धलेखनाची चूक शोधू लागले.

गावाबाहेर एक उड्डाण क्लब होता. तिथं सहा आसनांचं एक छोटं विमान होतं आणि पैसे भरले की ते कुणालाही अर्धा तास फिरवून आणायचं. ही बातमी कॉलनीत पसरायला पूर्ततासाहेबांच्या बायकोनं दळण आणायला जाऊन येण्याइतकाच वेळ लागला. संध्याकाळी शेजारचे पंपवाले हजर. त्यांनी तीस वर्षं पाण्याचे पंप विकले होते आणि जगातली कुठलीही वस्तू ही मुळात पंपच असते अशी त्यांची खात्री होती.

“विमान म्हणजे काय हो, हवेचा आडवा पंप,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “फक्त एक विचारून घ्या. पंख वर आहेत की खाली?”

“त्यानं काय होतं?”

“खाली असले तर खिडकीतून पंखच दिसणार, नदी कुठली दिसायला? वर असले की मोकळं. छत्रीसारखं.”

हे मात्र खरं निघालं. क्लबातल्या विमानाचे पंख छपरावरून दोन्हीकडं पसरले होते आणि खिडक्या खाली मोकळ्या होत्या. एवढ्या एका खऱ्या गोष्टीच्या बळावर पंपवाले पुढं सगळीकडं सोबत आले. त्यांना ‘येऊ नका’ कसं म्हणायचं हे कॉलनीत अजून कुणाला जमलेलं नाही.

क्लबाच्या खिडकीत एक कारकून बसला होता. त्यानं पूर्ततासाहेबांचा अर्ज घेतला, चष्मा वर सरकवला आणि लाल पेन उचललं. ते पेन पूर्ततासाहेब ओळखत होते, फक्त आजवर ते त्यांनी दुसऱ्या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं.

“प्रवासी सत्तरच्या पुढच्या आहेत. डॉक्टरांचं पत्र लागेल.”

डॉक्टर म्हणाले, उडायला हरकत नाही असं मी लिहिणार नाही, बसायला हरकत नाही असं लिहितो. कारकुनानं ते वाचलं आणि म्हणाला, “बसायला हरकत नाही हे ठीक, पण विमान बसून राहणार नाही ना?” तीन फेऱ्यांनंतर ‘बसलेल्या स्थितीत हलण्यास हरकत नाही’ यावर दोन्ही पक्षांची तडजोड झाली. त्यानंतर भाराचा तक्ता निघाला. विमानात जाणारी प्रत्येक व्यक्ती आणि प्रत्येक वस्तू वजनासकट त्यात लिहायची. पूर्ततासाहेबांच्या बायकोनं पंपवाल्यांच्या देखत काट्यावर उभं राहायला साफ नकार दिला. “माझं वजन हा माझा आणि काट्याचा प्रश्न आहे,” असं म्हणून तिनं जागा सोडली आणि ती आयती पंपवाल्यांना मिळाली. अक्काची चार पायांची स्टीलची काठीसुद्धा कारकुनानं तक्त्यात घेतली. नऊशे ग्रॅम. खाली पूर्ततासाहेबांनी सही केली, ‘वरील सर्व बाबी उड्डाणावेळी विमानात असतील.’

ठरलेल्या शनिवारी सकाळी साडेनऊला सगळे धावपट्टीवर उभे होते. आकाश धुतलेल्या काचेसारखं स्वच्छ होतं. अक्कानं कडक इस्त्रीचे कपडे घातले होते आणि शाळेच्या तपासणीला जावं तसे केस चोपून बसवले होते. तिची नजर सारखी नदीच्या दिशेकडं जात होती.

विमान चालवणाऱ्या कॅप्टन बाई तिशीच्या, बोलण्यात थोडक्यात आटपणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना विमानाभोवती फिरवून दाखवलं. पुढचं दार एकच, डावीकडं, त्यांचं स्वतःचं. तिथून चढायचं तर उंच पायरी, वर पंखाला टेकू दिलेला तिरका दांडा आडवा येणारा. न वाकणाऱ्या गुडघ्याला ते शक्यच नव्हतं. पण उजवीकडं मागं एक रुंद दुहेरी दार होतं, सामान चढवायचं. त्यातून अक्का खुर्चीवर बसावी तशी आत जाऊ शकत होती. तिच्या पायासाठी मधलं एक आसनही काढून ठेवलं होतं.

“आणि ही फळी,” पंखाच्या मागच्या कडेवर हात ठेवत कॅप्टन बाई म्हणाल्या, “हिला फ्लॅप म्हणतात. उतरताना ही खाली झुकवतो, वेग कमी होतो. आता इंजिन सुरू करण्याआधी मी एकदा खाली घेऊन तपासणार. ती खाली आली की बरोबर मागच्या दाराच्या समोर येते. दार तिच्यावर आपटतं. तेव्हा फ्लॅप खाली असताना मागच्या दाराला हात लावायचा नाही. कळलं?”

“कळलं,” पूर्ततासाहेब म्हणाले. दारावर तशी पट्टीही होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली, आणि ‘लावू नये’नंतर पूर्णविराम नाही हेही लक्षात आणून दिलं.

क्लबाचा चौकीदार आणि कॅप्टन बाई यांनी मिळून अक्काला आत बसवलं. ती अगदी मागं, उजव्या खिडकीशी, कारण नदी त्या बाजूनं दिसणार होती. तिच्या शेजारी डाव्या खिडकीशी पूर्ततासाहेब. पुढं कॅप्टन बाईंच्या बाजूला पंपवाले, ‘निरीक्षणासाठी’. दार लागलं. बाहेर कुंपणाशी पूर्ततासाहेबांची बायको पाण्याची बाटली घेऊन उभी राहिली. कॅप्टन बाईंनी खटका दाबला, गुरगुर आवाज झाला आणि खिडकीबाहेर फळी हळूहळू खाली आली.

आणि त्याच क्षणी पूर्ततासाहेबांना चौकीदाराच्या हातात काठी दिसली.

शहाण्या माणसानं म्हटलं असतं, राहू दे, आल्यावर घेऊ. विमानात काठीचं काम काय? पण त्या काठीची नोंद तक्त्यात होती आणि तक्त्याखाली त्यांची सही होती. नऊशे ग्रॅम विमानात असतील, असं त्यांनी लिहून दिलं होतं. काठी बाहेर राहिली तर सही खोटी. चौतीस वर्षांत त्यांची एकही सही खोटी ठरली नव्हती. “अहो, काठी!” असं म्हणत त्यांनी अक्काच्या मांडीवरून हात लांबवला आणि दाराची मूठ फिरवली.

दार वीतभर उघडलं आणि फळीवर आपटून थांबलं. चौकीदारानं भल्या मनानं काठी त्या फटीतून आत सरकवली. दांडा आला, चार पायांची बैठक मात्र येईना. पूर्ततासाहेबांनी आतून ओढलं, चौकीदारानं बाहेरून रेटलं. खाड्कन आवाज झाला, आणि काठीचे चार पाय दार आणि चौकट यांच्यामध्ये असे बसले की आता ती ना आत येईना, ना बाहेर जाईना.

“दार उघडलं कुणी?” कॅप्टन बाई मागं वळून म्हणाल्या.

उत्तर उघड होतं, म्हणून कुणी दिलं नाही.

“फ्लॅप वर घ्या की,” पंपवाले म्हणाले. “मग दार आपोआप मोकळं.”

कॅप्टन बाईंनी खटका दाबला. काहीच झालं नाही. “मागचं दार उघडं असलं की फ्लॅपची मोटर चालत नाही,” त्या म्हणाल्या. “सुरक्षेसाठी तशी व्यवस्था आहे.”

“आणि फ्लॅप खाली असले की दार पूर्ण उघडत नाही?” पूर्ततासाहेबांनी विचारलं.

“नाही.”

“मग आधी काय करायचं?”

“आधी दार लावायचं.”

“दार लागत नाहीये. काठी अडकलीय.”

“हो. काठी काढायला दार उघडावं लागेल.”

पूर्ततासाहेबांना कचेरीतली एक गोष्ट आठवली. एका गृहस्थांकडं त्यांनी घरपट्टीच्या पावतीसाठी रहिवासाचा दाखला आणि रहिवासाच्या दाखल्यासाठी घरपट्टीची पावती मागितली होती. ते गृहस्थ अकरा महिने येत होते, आणि मग एक दिवस यायचे थांबले. तेव्हा पूर्ततासाहेबांना वाटलं होतं, त्यांचं काम झालं असेल.

“बाळ, ऐक जरा,” अक्का म्हणाली.

“अक्का, तू शांत बस. आम्ही बघतोय.”

कॅप्टन बाई आणि पंपवाले पुढच्या दारानं उतरले. अक्काला तिथून उतरणं शक्य नव्हतं, आणि पूर्ततासाहेबांना उतरणं शोभणार नव्हतं. ते तिच्या शेजारी बसून राहिले आणि बाहेर त्यांची अब्रू गोळा होऊ लागली. चौकीदारानं साबण आणला. पंपवाल्यांनी ग्रीस सुचवलं. मग ग्रीसला साबण लागल्यानं दोन्ही पुसायला कापड मागवलं. कुणीतरी काठी करवतीनं कापा म्हणालं. कॅप्टन बाई म्हणाल्या, दाराजवळ करवत आणलीत तर मी पोलिसांना फोन करीन. मग कारकून रजिस्टर घेऊन आला.

“प्रवासी गेले की उतरले?” त्यानं खिडकीतून विचारलं.

“दोन्ही नाही,” पूर्ततासाहेब म्हणाले.

“रजिस्टरला दोनच रकाने आहेत.”

“मग तिसरा आखा!”

“तसं करता येत नाही,” कारकून म्हणाला, आणि पूर्ततासाहेबांना मनातून ते पटलं. म्हणूनच त्यांना जास्त राग आला.

क्लबाचे इंजिनिअर लांबच्या गावी लग्नाला गेले होते. फोनवर त्यांनी एकच वाक्य सांगितलं, “मी येईपर्यंत कुणी कशालाही हात लावू नका.” यायला त्यांना अडीच तास लागणार होते. तोवर विमान तापलं. पूर्ततासाहेबांच्या बायकोनं पुढच्या दारातून बाटली दिली आणि त्यांच्याकडं असं पाहिलं की पाणी गिळणं अवघड झालं.

“बाळ, माझं ऐकशील का?” अक्का पुन्हा म्हणाली.

“अक्का, कृपा कर. हे मशिनचं काम आहे.”

“अक्का, तुम्ही घाबरू नका,” बाहेरून पंपवाले ओरडले. “व्हॉल्व्ह अडकलाय, एवढंच!”

पावणेबारा वाजले. बाराला क्लबाची शिकाऊ विमानं सुरू होणार होती. शिवाय दुपारी गरम हवेत विमान फार हिंदकळतं म्हणून त्यानंतर प्रवासी घ्यायचे नाहीत, असा नियम होता. कॅप्टन बाई घड्याळाकडं पाहत होत्या. पूर्ततासाहेबांना कपाळ बडवून घ्यावंसं वाटत होतं, पण आत तेवढी जागा नव्हती.

बारा वाजून गेले. पहिलं शिकाऊ विमान घरघरत त्यांच्यासमोरून उडालं. अक्कानं त्या आवाजाकडं मान वळवली आणि मग दोन टाळ्या वाजवल्या. बत्तीस वर्षं चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग ज्या टाळ्यांनी गप्प झाले होते, त्या टाळ्या.

“सगळे गप्प.”

पंपवाल्यांनी नकळत हाताची घडी घातली. कारकुनानं पेन खिशात ठेवलं.

“काठीच्या बुडाशी बटण आहे. ते दाबून दांडा डावीकडं फिरवला की चार पायांची बैठक सुटते. मी रोज ती काढून धुते. दोन तास हेच सांगतेय.”

चौकीदारानं बटण दाबलं, दांडा फिरवला. दांडा आत आला, बैठक खाली पडली, दार लागलं. कॅप्टन बाईंनी खटका दाबला आणि फळी गुरगुरत वर गेली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

“आज नाही जमणार आता,” कॅप्टन बाई हळू आवाजात म्हणाल्या. “मला माफ करा, अक्का.”

“तुमचं काय चुकलं?” अक्का म्हणाली. “पुढच्या वेळी.”

घरी आल्यावर पूर्ततासाहेब जेवले नाहीत. अक्काच्या खोलीत जाऊन तिच्या पायाशी बसले. “मी तुझं ऐकायला हवं होतं.”

“तू लहानपणीही ऐकत नव्हतास,” अक्का म्हणाली आणि तिनं हात पुढं केला. तो त्यांच्या डोक्यावर यायच्या आधी थोडा हवेत चाचपडला.

पुढची वेळ पुढच्या शनिवारी यायला काही हरकत नव्हती. पण दार फ्लॅपवर आपटलं होतं म्हणून क्लबाला घटनेचा अहवाल करावा लागला आणि त्यासाठी प्रवाशाचा जबाब लागला. कारकून म्हणाला, पाच-सहा ओळी पुरेत. पूर्ततासाहेबांनी अकरा पानं लिहिली. घटनाक्रम, कारणमीमांसा, जबाबदारी, सूचना आणि परिशिष्ट. त्यात प्रत्येक दोष त्यांनी स्वतःवर घेतला, आणि दारावरच्या पट्टीत पूर्णविराम नाही हेही नमूद केलं. इतका सविस्तर जबाब क्लबाला कधी मिळाला नव्हता, त्यामुळं तो वाचायला समिती नेमावी लागली. समितीनं सात खुलासे मागवले. खुलाशांची आणखी चौदा पानं झाली. बायको म्हणाली, “अहो, ‘माझी चूक झाली’ एवढंच लिहिलं असतं तर?” त्यांनाही ते आता कळत होतं, पण कागद पुढं गेले होते. तेवढ्यात डॉक्टरांच्या पत्राची मुदत संपली आणि ते पुन्हा आणावं लागलं.

यात सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत अक्काचा चहा दोनदा कपाच्या बाहेर पडला. ‘कप हलला,’ ती म्हणाली. ती भिंतीला हात लावून चालायला लागली. पूर्ततासाहेब विचारायचे, “नीट दिसतं ना, अक्का?” ती म्हणायची, “दिसतं की. न दिसायला काय झालं?” आणि ते निश्चिंत व्हायचे, कारण अक्का कधी खोटं बोलल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी सगळं सुरळीत झालं. काठी कारकुनाच्या संमतीनं तक्त्यातून वगळली. पंपवाल्यांना पोटाचा त्रास झाला, त्यामुळं ते आले नाहीत. अक्का मागच्या दारातून आत बसली, दार लागलं, फळी खाली आली, वर गेली, आणि पूर्ततासाहेबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. विमान धावलं आणि जमीन सुटली. अक्का लहान मुलीसारखी हसली. इंजिनच्या आवाजात कॅप्टन बाईंचं बोलणं ऐकू यावं म्हणून दोघांना दिलेलं कानावरचं यंत्र टोचतं म्हणून तिनं ते काढून मांडीवर ठेवलं होतं.

“आज वारा उलटा आहे,” यंत्रातून कॅप्टन बाईंचा आवाज आला. “फेरी दुसऱ्या बाजूनं घेतेय. नदी डावीकडं येईल.”

डावी खिडकी पूर्ततासाहेबांची होती. ते अक्काला सांगायला वळले. अक्का आधीच बोट दाखवत होती. आपल्या, उजव्या, खिडकीतून.

“तो बघ, बाळ, पूल,” ती इंजिनच्या आवाजावर ओरडून म्हणाली. तिचा चेहरा काचेला टेकला होता. “त्याच्यापुढं कशी सरळ आलीय बघ. आणि ती गिरणी. आता वळेल. वळली! दिसतंय ना तुला?”

त्यांनी तिच्या खांद्यावरून पाहिलं. खाली कोरडी माळरानं होती, एक डबर काढलेली टेकडी आणि पांढरा मातीचा रस्ता. नदी कुठंच नव्हती. अक्का त्या माळरानावर बोट फिरवत होती, सावकाश, एकही वळण न चुकता.

तेव्हा पूर्ततासाहेबांना सगळं कळलं. सांडलेला चहा कळला, भिंत कळली, सात आठवडे कळले. पंचवीस पानांचा एक-एक कागद कळला. तिला गेल्या महिन्यापासून काहीच दिसत नव्हतं. पण भाऊ एवढा खपतोय म्हणून ती त्याच्यासाठी आली होती. त्यांना ओरडून रडावंसं वाटलं. त्यांनी तिचा हात धरला.

“मी काढायचे तशीच वळते की नाही?” अक्कानं विचारलं.

पूर्ततासाहेब आपल्या खिडकीकडं वळले. तिथं खाली ऊन पडलेली नदी होती. धरणातून निघाली होती, पुलाखालून सरळ आली होती, आणि गिरणीपाशी एकदम मागं वळली होती. त्यांनी ती नीट पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठं काही त्रुटी सापडते का ते. सापडली नाही.

“तशीच वळते, अक्का,” ते म्हणाले. “अगदी तू काढायचीस तशीच.”